नवरदेव, एक ते नऊ

माझ्या नणंदेने यंदा फेब्रुवारीत माझी सासू मागितली. मागितली म्हणजे सरळ फोन करून. "मंजुषा, आईला माझ्याकडे पाठव. राहायलाच. आता मला वेळ आहे." बस्स. ना 'कशी आहेस', ना 'तुला चालेल का'. मी ऑफिसात होते, समोर एका ड्रायव्हरचं एक्स्पिरियन्स सर्टिफिकेट होतं आणि माझ्या मनात पाल चुकचुकत होती, म्हणून मी "बघू या हं ताई" म्हणून फोन ठेवून दिला. सर्टिफिकेट खोटंच निघालं.

हे मुद्दाम सांगते, कारण मी संशयी आहे असं आमच्या घरात सगळे म्हणतात आणि ते खरं आहे. एका लॉजिस्टिक्स कंपनीत मी एचआरला आहे. सोळा वर्षं लोकांचे कागद तपासते. शिक्का कुठला, सही कोणाची, तारखेला सुट्टी तर नव्हती ना. आता रोज आठ तास हेच केल्यावर घरी येऊन माणूस भोळंभाबडं कसं होणार? नाही होत.

तर गिरिजाताईंनी आईंना का मागितलं, हा माझा पहिला प्रश्न. ताई अठरा वर्षं अबुधाबीकडे, मोहम्मद बिन झायद सिटीत. आम्ही दुबईत, अल बर्शाला. सासरे गेल्यावर आई आमच्याकडे आल्या त्याला अकरा वर्षं झाली. दोन्ही घरांत सव्वा तासाचं अंतर, रस्ता सरळसोट. एवढ्या वर्षांत 'आईला चार दिवस नेते' असं ताईंच्या तोंडून कधी निघालं नाही. दिवाळीला यायच्या, आईंच्या पाया पडायच्या, चकल्या तळायला मदत करायच्या, आणि मग मायलेकी सोफ्याच्या दोन टोकांना बसून टीव्ही बघायच्या. भांडण म्हणावं तर नाही. पण दोघी एकमेकींशी बोलायच्या त्या चहात साखर किती आणि पंखा बंद करू का, एवढंच. आणि आता एकदम राहायला पाठव?

"अगं, लेक आहे, आईला मागतेय," सुदेश म्हणाला. सुदेश म्हणजे माझा नवरा, ताईंचा धाकटा भाऊ. "शेजाऱ्याची गाडी मागत नाहीये."

"मग इतकी वर्षं का नाही मागितली?"

"ते तिला विचार."

"मी कशाला विचारू?"

खरं सांगू का, मला आई द्यायच्याच नव्हत्या. मी कामावरून दमून येते तेव्हा घरात दिवा लागलेला असतो, लेकीने काहीतरी खाल्लेलं असतं, आणि माझ्या बॉसला घालायच्या शिव्या ऐकून घ्यायला कोणीतरी असतं. आई ऐकतात, आणि मध्ये स्वतःची एक घालतात. माझी सख्खी आई मी कॉलेजात असताना गेली. तेव्हा मला कोणी सासूचं सुख कशाला हवं म्हणून हिणवू नये.

आता ताईंबद्दल सांगते, म्हणजे मला काय वाटत होतं ते कळेल.

गिरिजाताई चोपन्न वर्षांच्या. लग्न केलं नाही. मुसाफ्याला स्टीलच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन आहेत. व्हिसावरही तसंच लिहिलंय, ड्राफ्ट्समन. जिन्यांचे आणि कठड्यांचे नकाशे काढतात. दुबई मरीनातल्या दोन-तीन टॉवरांत आगीच्या वेळी माणसं ज्या जिन्याने खाली पळतील, त्याचे कठडे ताईंच्या हातचे. त्यांना त्याचं काही वाटत नाही. यंदा कंपनीने त्यांना आठवड्याचे तीनच दिवस दिले, पगारही तेवढाच, तर त्या म्हणाल्या बरं झालं, चित्रांना वेळ मिळेल.

हो, ताई चित्रं काढतात. कसली म्हणाल तर कसलीच नाहीत. झाड नाही, घर नाही, बाई नाही, देव नाही. लालभडक-तपकिरी रंगाचे मोठे पट्टे, त्यात खरवडलेल्या रेघा, मध्येच एक पांढरा चट्टा. पहिल्यांदा मी विचारलं, "ताई, हे काय आहे?" तर म्हणाल्या, "सिलाच्या रस्त्याला लागतं ते." अहो, सौदीच्या हद्दीकडे जाणाऱ्या त्या रस्त्याला लागतं काय? मीठ फुटलेली जमीन आणि ट्रक. दुसऱ्या एका चित्राला म्हणाल्या, "हा लाल आपल्या राजापूरच्या जांभ्याचा, आणि हा लिव्याच्या वाळूचा. दोन्ही शेजारी ठेवले तर भांडत नाहीत." फुजैराच्या डोंगरात दगडांवर कोरलेली जुनी चित्रं आहेत म्हणे, ती बघायला त्या आपली जुनी कोरोला घेऊन दर महिना-दोन महिन्यांनी जायच्या. एकट्या. म्हणजे त्या म्हणायच्या एकट्या.

रंगांच्या ट्यूबा मी त्यांच्याबरोबर एकदा बघायला गेले होते. एक ट्यूब साठ दिरहॅमची, म्हणजे चौदाशे रुपये झाले की हो! मी तोंडाला हात लावला. ताईंनी पाच घेतल्या, आणि दुपारी कॅफेटेरियात चहा आणि एक सामोसा. स्वतःवर खर्च करायचा झाला की त्यांचा हात असा आखडतो.

फेब्रुवारीचा मार्च झाला, मी 'बघू या' वरच होते. ताईंचे अजून दोन फोन येऊन गेले. आणि एका बुधवारी सुनेत्राचा फोन आला. सुनेत्रा आमच्या मराठी मंडळाची सेक्रेटरी, दुबई मरीनात चाळिसाव्या मजल्यावर राहते आणि तिथून तिला सगळ्यांचं सगळं दिसतं.

"मंजुषा! अगं, काय हे! आम्हाला सांगायचं तरी!"

"काय सांगायचं?"

"ग्रुप बघ."

ग्रुपवर अबुधाबीतल्या एका प्रदर्शनाचं पत्रक होतं. एप्रिलमध्ये उघडणार, सहा चित्रकार, त्यांत गिरिजाताईंचं नाव. मला बरं वाटलं, का खोटं बोलू? चांगलंच बरं वाटलं. मग खाली चित्रांची नावं वाचली. द ग्रूम, वन. द ग्रूम, टू. द ग्रूम, थ्री. असं करत करत नाइनपर्यंत. मी दोनदा वाचलं. शेजारी अरबीत होतं, ते आमच्या ऑफिसातल्या सीरियन मुलीला दाखवलं. ती हसून अभिनंदन करत म्हणाली, "अरीस. नवरदेव. मबरूक, हबीबती, कोणाचं लग्न?"

म्हणजे दोन-दोन भाषांत नवरदेव. तोही एक नाही, नऊ वेळा.

घरी येऊन लेकीला दाखवलं तर ती म्हणाली, "आत्या इज सो कूल." तिचं सोडा. मी सोफ्यावर बसले आणि एकेक गोष्ट आठवायला लागली. मागच्या दिवाळीनंतर आम्ही ताईंकडे गेलो होतो, तेव्हा दाराबाहेर पुरुषी बूट होते. साइटवर घालतात तसले जाडजूड, बेचाळीस नंबरचे. मी नंबर बघितला होता. माझी नजरच मेली तशी. बाथरूममध्ये दाढीच्या पात्यांचं पाकीट होतं. तेव्हा मी मनात म्हटलं, असेल काही. आता कळलं काय ते. आणि आईंना का मागत होत्या तेही कळलं, असं मला वाटलं. घरात म्हातारी आई असली की लोक बोलत नाहीत, माणूस येवो जावो. आमच्या आईंना आडोसा करायचा बेत होता!

पुढचे दोन-तीन दिवस फोनवर फोन. सगळ्यांना उत्सुकता, सगळ्यांना काळजी. 'या वयात बरं असतं गं सोबत', 'आपला आहे की बाहेरचा', 'व्हिसाचं काय करणार'. मी सगळ्यांना सांगितलं की मला काही माहीत नाही, आणि ज्या सुरात सांगितलं त्यावरून सगळ्यांना वाटलं की मला सगळं माहीत आहे.

मग मी खतीजाभाभींना फोन केला. त्या सुदेशच्याच गावच्या, मोहल्ल्यातल्या. लग्न होऊन शारजाला आल्या त्याला पंचवीस वर्षं झाली. ताईंचं लग्न ठरलं होतं आणि मोडलं, इतकं मला ठाऊक होतं. का मोडलं ते आमच्या घरात कोणी उच्चारत नाही. सुदेश तेव्हा पुण्याला हॉस्टेलवर होता, त्याला विचारलं की म्हणतो, "झालं काहीतरी."

खतीजाभाभींनी आधी आढेवेढे घेतले. मग म्हणाल्या, "देख मंजुषा, मी तेव्हा शाळेत. गावात बोलायचे ते ऐकलेलं सांगते. गिरिजा रोज दुपारची सड्यावर जायची, गावाच्या डोक्यावर तो कातळ आहे ना, उघडा, तिथे. आणि कोणीतरी तिला बघितलं. एका पुरुषाच्या शेजारी निजलेली होती म्हणे. आठ दिवसांत मुलाकडच्यांनी नारळ परत पाठवला. तिच्या मामाने तिला मुंबईला नेली. अल्ला जाणे खरं काय. मी काय बघायला गेले होते?"

झालं. मला आणखी काय हवं होतं? माझ्या डोक्यात फाईल पूर्ण झाली.

सुदेशला सांगितलं तर तो चिडला. "तुझ्याकडे तिचा नंबर आहे ना? फोन कर आणि विचार, कोण आहे."

"असं कसं विचारणार? मोठ्या आहेत त्या."

"मोठी आहे म्हणून विचारायचं नाही, आणि चाळीस जणींशी बोलायचं?"

मी ऐकलं नाही. मला एकच पक्कं करायचं होतं, की आई इथून हलणार नाहीत. आणि त्यासाठी सोपा रस्ता म्हणजे आईंनीच नाही म्हणणं. म्हणून पुढच्या आठवड्यात शुक्रवारी संध्याकाळी आई शेंगा सोलत बसल्या होत्या, तिथे मी जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. पत्रक दाखवलं. बूट सांगितले, पाती सांगितली. सड्याचं नाही काढलं, तेवढी लाज होती. मला वाटलं आई कपाळाला हात लावतील, म्हणतील की मेली सुधारली नाही, मी नाही पाऊल ठेवायची तिच्या घरात.

आईंनी शेंगांचं ताट बाजूला सारलं. "नाव काय गो त्याचं?"

"ते नाही लिहिलेलं."

"बरं," म्हणाल्या. आणि उठून कपाटाशी गेल्या. "उद्या तुला सुट्टी ना? मला घेऊन चल."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? जावई बघायला."

मी बघतच राहिले. एकोणऐंशी वर्षांची बाई, गुडघे दुखतात म्हणून अल बर्शाच्या मॉलमध्येसुद्धा न येणारी, ती मोरपंखी नारायणपेठ काढून पलंगावर पसरत होती. सकाळी मला सुपरमार्केटात पिटाळून नारळ आणायला लावला. सुदेशला दिवाळीत कोणीतरी दिलेलं शर्टाचं कापड होतं, तेही पिशवीत टाकलं. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणे.

रस्ताभर त्या प्रश्न विचारत होत्या. उंच असेल का. मासे खाणारा असेल का. "आपल्यातला नसेल ना गो? असेना. अरब असला तर मी काय बोलू त्याच्याशी? मला मेलीला यल्ला आणि खलास एवढंच येतं." आणि हसल्या. अकरा वर्षांत मी त्यांना अशा हसताना पाहिलं नव्हतं. मला राग आला. मी त्यांना भडकवायला गेले होते आणि झालं भलतंच. वर मनात भीती, की तिथे खरंच कोणी बसलेला असला तर आई तिथेच राहतील.

"आई, तुम्हाला काहीच वाटत नाही?" मी शेवटी विचारलंच.

"वाटतं तर," त्या म्हणाल्या. "उशीर केलान असं वाटतं."

ताईंची जागा म्हणजे एका मोठ्या व्हिलाच्या मागच्या अंगाच्या दोन खोल्या. दार उघडंच होतं. दाराशी तेच बूट. मी आईंना कोपराने खुणावलं. आत बघितलं तर जमिनीवर प्लास्टिक अंथरलेलं, त्यावर दरवाजाएवढं कॅनव्हास आडवं, आणि ताई गुडघ्यांवर बसून दाढीच्या पात्याने रंग खरवडत होत्या. दाढीच्या पात्याने! माझा एक पुरावा तिथल्या तिथे गेला.

"आई?" ताई गडबडीने उठल्या. "मंजुषा, आधी सांगायचं ना. बसा, बसा. तिथे नको, ते ओलं आहे." आणि बाहेर जायला त्यांनी ते दाराशी ठेवलेले बूट पायात घातले, अंगणातून खुर्ची आणायला. मी म्हटलं, "हे बूट..."

"आमच्या कारखान्याच्या स्टोअरमधले. बायकांच्या मापाचे त्यांनी कधी मागवलेच नाहीत. दोन मोजे घालते आत."

दुसरा पुरावा गेला. पण माझं डोकं बघा. मी तरी आतल्या खोलीकडे मान वळवून बघत होते.

आई खुर्चीत बसल्या. नारळ मांडीवर. ताईंचं लक्ष नारळाकडे गेलं. "हे काय आणलंस?"

आणि आईंनी विचारलं. अगदी सरळ, चहात साखर किती विचारावं तसं. "गिरिजे, कोण आहे गो तो? आम्हाला दाखव. मी रागवायची नाही."

"कोण?"

"तुझा नवरदेव. छापून आलंय ना पत्रकात."

ताईंनी आधी आईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्त वेळ. मग त्यांना हसू फुटलं. हसता हसता त्या भिंतीला टेकल्या, डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेनात. भिंतीला तीन-चार कॅनव्हास उलटी लावून ठेवली होती. त्यांतल्या एकाच्या मागच्या लाकडी पट्टीवर पेन्सिलीने काहीतरी लिहिलं होतं, तिथे त्यांनी बोट ठेवलं. "वाच."

मी वाचलं. "वर."

"म्हणजे काय?"

"म्हणजे वर. ही बाजू वर."

"आणि हिंदीत?"

"नवरदेव," मी म्हणाले.

"प्रदर्शनवाल्यांच्या ऑफिसातली मुलगी लखनौची आहे," ताई म्हणाल्या. "फार चांगली पोर. मी फॉर्मात नावांचा रकाना रिकामा ठेवला होता, मला नावं सुचत नाहीत. तिने मागे बघितलं, तर नऊच्या नऊ चित्रांवर एकच शब्द, माझ्याच अक्षरात. तिने इमानदारीने भाषांतर केलं. मी जमिनीवर काढते मंजुषा, चारी बाजूंनी फिरत. शेवटपर्यंत मलाच माहीत नसतं कुठली बाजू वर. भिंतीवर लावायचं म्हटलं की ठरवावं लागतं, म्हणून लिहून ठेवते."

मीही हसायला लागले. सुटल्यासारखं वाटलं मला, आणि लाजही वाटली, दोन्ही एकदम. "अहो ताई, मग लगेच फोन करून दुरुस्त करायचं! अकरा दिवस ते ग्रुपवर फिरतंय!"

"माहितीये. मला पहिल्याच दिवशी कळलं. दुरुस्त करणार होते."

"मग?"

"मग म्हटलं थांबू. बघू कोण विचारतं." त्यांनी पातं फडक्याला पुसलं. आवाज चढला नव्हता. "चाळीस जणी आहेत तुझ्या ग्रुपमध्ये. तू आहेस. सुदेश आहे. मला एकानेही फोन केला नाही. एकाने नाही गं. आज आईने विचारलं तेवढंच."

खतीजाभाभींना विचारलं होतं मी. सीरियन मुलीला विचारलं होतं. ज्या बाईला विचारायचं तिला सोडून सगळ्यांना विचारून झालं होतं.

आई मात्र हसत नव्हत्या. त्यांनी नारळ खाली ठेवला. "म्हणजे कोणी नाही?"

"नाही आई."

"आणि तेव्हा?"

ताईंनी पातं खाली ठेवलं.

"तेव्हा सड्यावर कोण होतं, गिरिजे?"

या घरात न उच्चारायची गोष्ट आईंनी माझ्यादेखत उच्चारली. मला बाहेर जायला हवं होतं, पण मला ऐकायचंही होतं, खोटं कशाला बोलू.

"तेव्हा होता," ताई म्हणाल्या. "माणूस होता."

आईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"कातळात कोरलेला. त्या सड्यावर चित्रं आहेत आई, जुनी, हजारो वर्षांची असतील. आता लोक फोटो काढायला येतात, तेव्हा कोणाला पत्ता नव्हता. गवत आणि माती साठलेली असायची, मी हाताने साफ करायचे आणि वहीत उतरवायचे. हत्ती, मासे, नुसत्या चौकोनांच्या रांगा. त्यांना वर नाही, खाली नाही, फिरून फिरून बघायचं. आणि एक माणूस होता. त्याची लांबी घ्यायची होती, पट्टी होती बारा इंचाची. म्हणून मी त्याच्या शेजारी आडवी झाले. मी किती लांब ते मला माहीत होतं."

"आडवी झालीस."

"हो. बघणारा खोटं बोलला नाही. माणसाच्या शेजारीच निजले होते."

आई म्हणाल्या, "दाखव."

"काय?"

"कशी निजली होतीस ते. मला दाखव."

आणि गिरिजाताई, चोपन्न वर्षांच्या, हाताला रंग लागलेला, त्या प्लास्टिकवर कॅनव्हासच्या शेजारी सरळ उताण्या झोपल्या. हात अंगालगत. "असं. माझं डोकं इथे आलं, त्याचे खांदे इथे. त्याचं डोकं हे आणखी पुढे. पाय माझ्या पायांच्या खाली वीतभर." त्यांनी हात लांब करून जागा दाखवली. "मग उठून वहीत लिहिलं. आणि घरी आले."

"एवढंच?"

"एवढंच."

आईंचा चेहरा मला बघवेना. "मग सांगितलं का नाहीस गो?"

"मला विचारलं कोणी? बाबांनी बॅग भरली. मामा घ्यायला आला. तू चुलीकडे तोंड करून बसली होतीस."

"मला वाटलं, विचारलं आणि तू हो म्हणालीस तर मी काय करू?" आई म्हणाल्या. "म्हणून नाही विचारलं. इथे आले, तू समोर बसायचीस, तरी नाही विचारलं. म्हटलं, आता काय ते गेलं. माझ्या पोरीचं सगळं मी घालवलं, आणि तिथे कोणी नव्हताच गो. दगड होता."

ताई उठल्या नाहीत. तिथेच पडल्या पडल्या डोळ्यांवर हात घेतला. त्या रडत होत्या की नाही मला दिसलं नाही. आईंनी खुर्चीला धरून आपले ते दुखरे गुडघे वाकवले आणि खाली, त्या रंगात माखलेल्या प्लास्टिकवर, लेकीच्या उशाशी बसल्या. नवी कोरी ठेवलेली नारायणपेठ. मी "आई, साडी" म्हणायला गेले आणि जीभ चावली.

मी आत जाऊन चहा ठेवला. ते एक काम मला सापडलं. आलं घातलं, दूध उतू जाऊ दिलं नाही, कपात गाळून घेतलं, आणि त्या ओट्याशी उभी राहून मी स्वतःवर मनसोक्त चिडले. अकरा दिवस मी त्या बाईला तिच्या पाठीमागे पुन्हा एकदा गावापुढे उभं केलं होतं, आणि ते कशासाठी, तर माझ्या घरात संध्याकाळी दिवा लागलेला असावा म्हणून. माझी मागणी चूक नव्हती हो. पण ती मी कोणापुढे मांडली होती? ताईंना जर फेब्रुवारीत म्हटलं असतं की ताई, मला आईंशिवाय करमणार नाही, तर त्यांनी ऐकून घेतलं असतं.

चहा दिला तेव्हा मी ते म्हणाले. उशिरा, आणि धड वाक्यही झालं नाही. "ताई, चुकलं माझं. मला आई द्यायच्या नव्हत्या."

"ठाऊक आहे," ताई म्हणाल्या. "मलाही हव्यात. आता काय करू या?"

आम्ही दोघींनी आईंकडे बघितलं. त्यांच्या पदराला लाल रंगाचा लांब पट्टा लागला होता. त्यांनी बशीत चहा ओतून घेतला, सावकाश प्यायला, बशी माझ्या हातात दिली.

"मंजुषा, तू नीघ आता, उन्हं उतरायच्या आत घरी पोच. पोर एकटी असेल. आणि उद्या सुदेशच्या हाती माझ्या गोळ्या पाठव."

"किती दिवसांच्या पाठवू, आई?"

"घरात आहेत तेवढ्या सगळ्या," त्या म्हणाल्या.